दोन पेरे राखून

आमच्या घराच्या पडवीसमोर तुळशीवृंदावन आहे. वृंदावन म्हणजे काही कोरीव दगडी नव्हे. विटांचा चौथरा, त्यावर सिमेंटचा गिलावा आणि दर दिवाळीला फिरणारा गेरूचा हात. पण त्यातली तुळस मात्र पाहण्यासारखी असते. कमरेएवढी उंच, जवळजवळ तेवढीच रुंद आणि बुंध्यापासून वरपर्यंत पानांनी भरलेली. घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेला लागलेले कुणी पाणी प्यायला थांबले, की त्यांच्यातली एखादी बाई हमखास विचारते, "आजी, हिला घालता तरी काय?"

आजी हसून म्हणते, "घालायचं काय? खुडते."

बाईला वाटते, म्हातारीला नीट ऐकू आले नसावे. पण आजीचे कान चांगले शाबूत आहेत. ती खरेच खुडते. सकाळी पाणी घातले, हळदकुंकू वाहिले, की तिची बोटे तुळशीत शिरतात आणि जिथे जिथे मंजिरी डोके वर काढू लागलेली असते, तिथे तिथे अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तिचा निकाल लागतो. द्वादशीला खुडायचे नाही, रविवारी खुडायचे नाही, दिवस मावळल्यावर तर हातही लावायचा नाही. बाकीच्या दिवशी मात्र हयगय नाही.

मी सहा-सात वर्षांचा असताना हे पाहून रडलो होतो म्हणे. ज्या झाडाला आपण सकाळी नमस्कार करतो, त्याचेच शेंडे आजी मोडते, हे काही माझ्या पचनी पडेना. तेव्हा तिने मला जवळ घेऊन जे वाक्य सांगितले, ते आमच्या घरात पुढे म्हणीसारखे रुळले : "खुडलं की फुटतं रं बाळा."

या एका वाक्यावर मला आज लिहायचे आहे. कारण हे वाक्य मी आधी खरे मानले, मग पडताळून पाहिले, आणि शेवटी एका प्रसंगी ते इतके खोटे ठरलेले पाहिले, की त्याचा उरलेला अर्धा भाग शोधावा लागला.

आजीची बाग म्हणजे मोरीच्या पाण्यावर पोसलेली चार-पाच हातांची ओळ. मोरीपाशी पुदिना, त्याच्याशेजारी पानओवा, म्हणजे ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो. मग मरवा, सब्जा आणि बांधाच्या कडेला गवती चहाचे ठोंब. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा आणि पानओवा हे पाचही एकाच कुळातले आहेत, हे मला फार पुढे वाचनातून समजले. आजीला ते बोटांनी ठाऊक होते. "ह्या समद्या भैनी हायेत. देठ चौकोनी, पानं समोरासमोर," असे ती म्हणे. देठ बोटात फिरवून पाहा, चार कडा लागतात.

पाने समोरासमोर असण्यात या खुडण्याचे सगळे गुपित आहे. प्रत्येक पेरावर दोन पाने, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीकसा डोळा. शेंडा जोरात वाढत असतो, तोवर हे डोळे झोपलेले असतात. रोप वीतभर झाले, त्याला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या, की आजी वरचा कोवळा शेंडा पेराच्या अगदी वर खुडते. खाली निदान दोन पेरे पानांसकट राखून. आठ-दहा दिवसांत त्या शेवटच्या पेराचे दोन्ही डोळे फुगतात आणि एका फांदीच्या जागी दोन होतात. त्या दोघी वाढल्या, की त्यांचेही शेंडे खुडायचे, दोनाच्या चार. झाड उंचीचा हट्ट सोडते आणि अंग धरते.

अकरावीत असताना मी याची परीक्षा घेतली. तेलाचे दोन रिकामे डबे घेतले, तळाला भोके पाडली, एकाच वाफ्यातली तुळशीची दोन रोपे त्यांत लावली. माती, शेणखत, पाणी सारखेच. एका रोपाला मी हात लावला नाही. दुसऱ्याचे शेंडे आजीच्या पद्धतीने खुडत गेलो. श्रावण संपता संपता पहिले रोप काठीसारखे उंच झाले होते. डोक्यावर मंजिऱ्यांचा तुरा, आणि खालची पाने पिवळी पडून गळू लागलेली. बी धरायचे काम अंगावर पडल्यावर झाडाचे पानांवरचे लक्ष उडते. दुसरे रोप त्याच्या खांद्याएवढेच होते, पण घरातल्या चहाला आणि देवाला रोज पाने त्याचीच येत. आजीचे वाक्य खरे ठरले. मला मोठा विजय मिळाल्यासारखे वाटले.

शहाण्या माणसाने एवढ्यावर थांबावे. मी पुढच्या चैत्रात, उन्हे तापलेली असताना, वृंदावनातली जुनी तुळस भरगच्च करायला निघालो. ती खालून उघडी पडली होती. मी कात्री घेतली आणि पानांच्या खाली, करड्या लाकडावर ती छाटून टाकली. "खुडलं की फुटतं!" पंधरा दिवस वाट पाहिली, महिना वाट पाहिली. ती फुटली नाही. बोडकी काटकी तेवढी राहिली. आजी मला रागावली नाही. तिने मुळासकट काटकी उपटली, उन्हात वाळवली आणि त्या जागी नवे रोप लावले. मला एवढेच म्हणाली, "पान राखलं न्हाईस. मग ते जगंल कशावर?"

तेव्हा मला वाटले, ही झाडाचीच गोष्ट आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे शेंडा खुडणे शेतकऱ्याला नवे नाही. दसरा-दिवाळीच्या झेंडूचे आणि शेवंतीचे शेंडे लागवडीनंतर महिनाभराने खुडतात. एका शेंड्यावर एक मोठे फूल येण्याऐवजी दहा फांद्यांवर दहा येतात. मात्र त्याची किंमत असते : फुले काही दिवस उशिरा लागतात. म्हणून दसऱ्यापासून उलटे दिवस मोजून लागवड आणि खुडणी ठरवावी लागते. चुकला, तर दसऱ्याचा बाजार होऊन जातो आणि फूल मागाहून उमलते.

आणि सगळ्यांनाच हा नियम लागूही नाही. नारायणगाव, ओतूर, मंचरच्या बाजारात कोथिंबीर आणि मेथी जुड्या बांधून येते ती मुळासकट उपटलेली. कोथिंबिरीचा शेंडा खुडून काही साधत नाही; तिची पाने जमिनीलगतच्या गड्ड्यातून येतात, आणि उन्हाळा तापला, की तुम्ही काहीही करा, ती दांडा काढून फुलावर येते. तिला हवी थोडी सावली, वेळेवर पाणी आणि टप्प्याटप्प्याने केलेली पेरणी. गवती चहाची गोष्ट आणखी निराळी. तो गवताच्या जातीचा. त्याचा वाढता कोंब बुंध्याशी असतो. तो जमिनीपासून चार बोटे राखून कापला, की पुन्हा येतो. बुडालाच विळा लावला, की ठोंब बसतो. म्हणजे "खुडलं की फुटतं" हे खरे, पण कुणाला, कुठे, कधी आणि किती, हे चार प्रश्न त्याच्यामागे उभे असतात.

या मुलखात पाने वाढवण्याचा उद्योग सरकारी पातळीवरही झालेला आहे, हे वाचून मला नवल वाटले. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली इंग्रज सरकारने वनस्पतींची बाग स्थापन केली. १८३८ ते १८४७ या काळात अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर तिचा प्रमुख होता. तिचीच एक शाखा आपल्या जुन्नर तालुक्यात हिवरे येथे होती आणि तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पतींची लागवड होई. गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचा जंगलप्रमुख झाला आणि १८६१ साली डाल्झेल यांच्यासह त्याने मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथावर नावे या दोघांची आहेत. पण हिवऱ्याच्या वाफ्यांत वाकून औषधाची पाने खुडणारे हात याच मुलखातल्या कुणा माळ्या-माळणींचे असणार. मला उगीच वाटते, त्यांतल्या एखादीची बोटे आजीसारखी चालत असतील.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मित्राच्या पुस्तकापुरता. पण शेंडा मोडला की खालचे डोळे का जागे होतात, हे कोडे मला सोडीना. पुस्तकात उत्तराची मोठी साखळी सापडली. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवून दिले, की गवताच्या कोवळ्या कोंबाचा शेंडा प्रकाश ओळखतो आणि तो संदेश खाली पाठवतो. १९२८ साली फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून शेंड्यातून उतरणारे वाढीचे द्रव्य वेगळे पकडले. त्याला ऑक्सिन म्हणतात. पुढे १९३० च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला आणि त्या जागी हे द्रव्य लावले. शेंडा नसूनही खालचे डोळे झोपलेलेच राहिले! म्हणजे शेंडा बसल्या जागेवरून हुकूम सोडतो आणि खालच्यांना दाबून धरतो, असा अर्थ निघाला. अनेक वर्षे पुस्तकांतून हेच शिकवले जाई.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्याच्या वेलावर पाहिले, की शेंडा कापल्यावर खालचे डोळे फार लवकर हलू लागतात. वरच्या ऑक्सिनचा ओघ आटल्याची वर्दी तिथवर पोहोचण्याच्याही आधी. मग त्यांना जागे कोण करते? तर साखर. पानांत तयार झालेले अन्न वाढता शेंडा आपल्याकडे ओढून घेत असतो. शेंडा गेला, की ते अन्न खाली वळते आणि उपाशी डोळ्यांच्या तोंडी पडते. म्हणून ते फुटतात. हुकूम पुढे चालतोच, पण पहिली हाक असते ती पोटात पडलेल्या घासाची.

हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयातून बाहेर आलो आणि बसथांब्यावर बराच वेळ बसून राहिलो. मला ताईची आठवण झाली होती.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावीला मराठीत तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. वाचनाचा नाद मला तिनेच लावला. रॉकेलच्या दिव्याची गोष्ट नव्हे, घरात वीज होती, पण ती गेली की ताई तोंडपाठ गोष्टी सांगायची. तिचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात घरात बैठक बसली. मी नववीतून दहावीत गेलो होतो. दोघांचा खर्च झेपणार नाही, कॉलेजला एस.टी.ने जायचे तर दिवस जातो, झेंडूच्या तोडणीला घरचे माणूस लागते, असे एकेक मुद्दे निघाले. एकही मुद्दा खोटा नव्हता. शेवटी एका वडीलधाऱ्यांनी हसत हसत समारोप केला, "आई, तूच म्हणतेस ना, खुडलं की फुटतं? घरात राहील, चार कामं शिकेल. फुटंल की तीही."

सगळे हसले. मीही हसलो, हे मला सांगितलेच पाहिजे. ताई चहाचे कप उचलून आत गेली. आजी काही बोलली नाही. उठून वृंदावनापाशी जाऊन बसली.

पुढच्या काळात काय झाले? ताई पहाटे उठून फुले तोडू लागली. पाट्या भरू लागली, गुरांचे पाहू लागली, आईला दम्याचा त्रास सुरू झाल्यावर चूलही तिच्याकडेच आली. तिच्या अंगी चार कामे आली, हे खरेच. पण त्याला फुटणे म्हणावे का? इकडे मला दहावीला शिकवणी लागली. मग तालुक्याला खोली, एस.टी.चा पास, पुस्तके, वक्तृत्वस्पर्धेला जायला नवा शर्ट. या महाविद्यालयात येऊन मी भाषणे केली, भित्तिपत्रक चालवले, आज या अंकात लिहितो आहे. आपल्या प्राध्यापकांनी माझे कौतुक केले, ते मला गोडही वाटले. ग्रंथालयातल्या त्या पानाने मात्र मला विचारले : बाबा रे, शेंडा खुडला एकीचा, आणि अन्न वळले कुणाकडे?

झाडाच्या बाबतीत खुडलेल्या फांदीचे अन्न त्याच फांदीच्या खालच्या डोळ्यांना मिळते. आमच्या घरात ते शेजारच्या फांदीला मिळाले. मी भरगच्च झालो, यात माझे कर्तृत्व थोडे आणि ही वाटणी जास्त होती.

गेल्या दिवाळीत घरी गेलो असताना एका रात्री आजीच्या पायाशी बसून मी हे सगळे तिला सांगितले. डार्विन सांगितला, वेंट सांगितला, वाटाण्याचा वेल सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग मी विचारले, "आजी, त्या दिवशी तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर टाकलं. तू काहीच का बोलली नाहीस?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला बोलता आलं न्हाई, ही माझी चूक. मी नुसतं खुडत न्हाई रं. खुडायच्या आधी दोन पेरं राखते. खुडल्यावर सावलीतलं भांडं उन्हात सरकवते, ओंजळभर खत घालते, पाणी चुकवत न्हाई. तुमी समद्यांनी माजं खुडणं पाह्यलं. पाणी घालणं कुणी पाह्यलं?"

एवढे बोलून ती आत झोपायला गेली. मी तिथेच बसलो. लहानपणापासून रोज पाहत आलेली गोष्ट आपण अर्धीच पाहिली होती, हे विशीत कळणे काही भूषणाचे नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरात अशी एखादी ताई असेल! त्याग, कर्तव्य, संस्कार अशी मोठी नावे देऊन आपण तिचा शेंडा खुडतो आणि ती आपोआप बहरेल असे गृहीत धरतो. घरात पैसा कमी असतो, पाऊस दगा देतो, माणसे आजारी पडतात. कधी कधी कुणाला तरी थांबावे लागते, हे मी नाकारत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याने ते नाकारू नये. पण थांबवायचे तर कुठवर आणि त्यानंतर तिच्या वाट्याला काय, हे त्याच बैठकीत ठरायला हवे. आमच्याकडे ते ठरले नाही. चैत्रात मी तुळशीवर कात्री चालवली, तसेच ते झाले.

त्या दिवाळीनंतर मी घरात पहिल्यांदा तोंड उघडले. फार मोठे काही घडले नाही. दोन दिवस अबोला राहिला, आईने डोळे पुसले, वडील म्हणाले, "आता या वयात?" ताई पंचवीसचीही नाही! शेवटी मुक्त विद्यापीठाचा मार्ग निघाला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे, ज्यांना रोज वर्गात बसणे शक्य नाही. घरी अभ्यास करायचा, अभ्यासकेंद्रावर अधूनमधून जायचे, परीक्षा द्यायची. माझ्या खोलीचे भाडे वाचावे म्हणून मी आता एस.टी.ने जाऊन-येऊन करतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटेची तोडणी माझ्याकडे असते. झेंडूच्या पाट्या उचलताना खांदा दुखतो. ताईला तो इतकी वर्षे दुखत असणार, हे तिने कधी सांगितले नव्हते.

ती बी.ए.ला बसली आहे. पुढे काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. मधली वर्षे गेली ती गेलीच. पहिल्या दिवशी पुस्तक उघडून तिने दोन पाने वाचली आणि मिटले, म्हणाली, "लक्ष लागत नाही रे. सारखं वाटतं, दूध उतू जातंय." आता तिला सलग तासभर वाचता येते. वृंदावनाच्या चौथऱ्याला टेकून ती वाचत बसते, आणि आजी तिच्या डोक्यावरून हात पुढे करून मंजिऱ्या खुडत असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. आजी सगळ्या मंजिऱ्या खुडत नाही. कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत मागच्या बाजूची एक फांदी ती मुद्दाम राखते. तिला फुलू देते, वाळू देते. तिचे बी पुढच्या वर्षीच्या रोपांसाठी. आजीचे माहेर जुन्या आंबेगावचे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते गाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव सोडायच्या वेळी तिच्या भावजयीने घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या पुरचुंडीत बांधून तिला दिल्या होत्या. आमच्या अंगणातली तुळस त्या बियांची. ते घर, ते अंगण, तो पार यांतले काही उरले नाही. राखलेली मंजिरी तेवढी उरली.

ते बी आजी एका पत्र्याच्या डबीत ठेवते आणि डबी देव्हाऱ्याखालच्या फडताळात. परवा मी तिला ताईच्या प्रवेशाची पावती दाखवली. तिला अक्षर ओळखत नाही. तिने पावतीवरून बोट फिरवले, चार घड्या घातल्या आणि ती त्या डबीत बियांवर ठेवून झाकण लावले.